कॅरेटवर टेकवलेली गाडी

गेल्या रविवारी सकाळी डिंगोऱ्याला रोहिदासदादाकडे गेलो होतो. दादा माझा मावसभाऊ, चार वर्षांनी मोठा, टोमॅटोची शेती करतो. दुपारी मढला माझं व्याख्यान होतं, जाता जाता चहा घ्यावा एवढाच बेत.

अंगणात गाडी उभी होती, पुढची बाजू वर उचललेली... आणि गाडीखालून दादाचे फक्त पाय दिसत होते. इंजिन ऑइल बदलणं चालू होतं.

माझा दोष आधी कबूल करतो. महिन्यापूर्वी मीच इथे पोस्ट लिहिली होती, की आपण हातानं काम करायचं विसरलोय, साध्या ऑइलसाठी गॅरेजपुढे ताटकळतो. दादाने ती वाचली होती. मनावरही घेतली होती.

मी वाकून पाहिलं. उजव्या बाजूला डिकीतला छोटा जॅक होता. डाव्या बाजूला... टोमॅटोचं प्लॅस्टिकचं कॅरेट, पालथं घातलेलं. आधी डावी बाजू उचलून त्याने खाली कॅरेट सरकवलं होतं आणि मग जॅक काढून उजवीकडे लावला होता.

आमच्याकडे कॅरेटवर सगळे बसतात, त्यावर चढून बल्ब बदलतात. पिकअपमध्ये भरलेल्या कॅरेटची थप्पी डोक्याच्या वर जाते, खालचं दबत नाही. पण तिथे वजन चारही कडांवर बसतं. इथे गाडीची लोखंडी कड बरोबर मधोमध, जाळीवर टेकली होती. निळं प्लॅस्टिक वाकलं होतं आणि वाकल्या जागी पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या.

मी ओरडणारच होतो. माझा आवाज माईकशिवाय मैदानाच्या टोकाला पोचतो... पण ओरडलो असतो तर दादा दचकला असता, हाताला येईल ते धरून उठायला गेला असता आणि गाडी हलली असती. मी जमिनीवर बसलो आणि आवाज जितका खाली आणता येईल तितका आणला.

"दादा, पान्हा ठेव. जोर लावू नको. हळूच बाहेर सरक."

"आलास व्हय? थांब, एकच नट ऱ्हायलाय. लई जाम झालाय." त्याने पान्ह्याला हिसका दिला. गाडी हलली. कॅरेटमधून बारीक कट्ट आवाज आला.

"दादा, कॅरेट तुटतंय."

"नाय तुटत. झालं का तुझं भाषण सुरू? धा कॅरेटची थप्पी खालचं एक कॅरेट पेलतंय, राव. तू कवा टंबाटी भरलीस का?"

उत्तर तयार होतं. कडा, जाळी, वजन, सगळं मुद्देसूद... तोंडापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि सवयीने तो बॉनेटवर ठेवायला वाकल्या. मी हात आडवा केला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग कॅरेटकडे... आणि ट्रे तसाच धरून उभ्या राहिल्या.

दादा पुन्हा पान्हा लावत होता. माझ्या लक्षात आलं, मी वाद घालत राहिलो तर हा माणूस मला चूक ठरवायला गाडीखालीच पडून राहील. लहानपणापासून आमचं असंच आहे. त्याला मी एकदाही जिंकू दिलेलं नाही.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो. "मला टोमॅटोतलं काही कळत नाही. हरलो मी."

पान्हा थांबला.

"काय म्हनलास?"

"हरलो म्हणालो. बाहेर ये, तोंडावर ऐक."

पाय हलले. तो पाठीवर सरकत आला. गुडघे, कंबर, छाती... सगळ्यात शेवटी ऑइलने काळं झालेलं तोंड, त्यावर भलंमोठं हसू. "ऐकलंस का गं? पुढारी हरलं आज."

मी त्याला दंडाला धरून लांब ओढलं. तो नळाखाली हात धुवायला वाकला आणि कॅरेट फुटलं. वाळकी फांदी मोडावी तेवढाच आवाज. जॅक कलंडला आणि गाडी धपकन चाकांवर आली.

पान्हा काढायला मी खाली हात घातला. हात गेला... खांदा गेला नाही. वहिनी ट्रे घेऊन पायरीवर बसल्या.

मढला जायच्या आधी ओतूरहून उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडची जोडी आणून दिली. दुकानदार शेठ म्हणाले, "जॅक नेणारे रोज येतात, स्टँड मागणारं कुणी येत नाही."

हातानं काम करा, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. पण त्या पोस्टमध्ये मी अर्धंच लिहिलं, उरलेलं आज ठणकावून लिहितो. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, माणसाच्या अंगावर तोलून धरण्यासाठी नाही. सपाट, टणक जमीन बघा, हँडब्रेक ओढा, टेकलेल्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, आणि गाडी स्टँडवर पक्की बसल्याशिवाय बोटसुद्धा खाली घालू नका. वीट नको, पोकळ ब्लॉक नको... आजवर कितीही वेळा निभावलं असलं तरी नको.

परवा डिंगोऱ्याच्या डेअरीवर दादा चारचौघांना सांगत होता, की वादात त्याने मला हरवलं. एकाने मला विचारलं, "खरं का वो, पावणं?"

मी म्हणालो, खरं आहे. इतक्या आनंदाने मी आजवर काहीच कबूल केलेलं नाही.