अडतीस नंबरचा कोट

सभागृहाच्या दाराशी डाव्या हाताला एक लहान खोली आहे. तिथे एक कपाट, एक आरसा, इस्त्रीचं टेबल आणि आम्ही दोघं. इस्त्री माझी, कपाट कोटमामांचं. नियमच असा, की अंगात कोट नसेल तर आत पाय ठेवायचा नाही. मग तो सदस्य असो, मंत्री असो, नाहीतर पाणी देणारा शिपाई. जे विसरून येतात त्यांच्यासाठी कपाटात चौदा कोट. मामा माणसाला पायऱ्या चढताना बघायचे, आणि तो दारात पोचेपर्यंत त्याच्या मापाचा कोट यांच्या हातात तयार. टेप कधी लावली नाही. एकतीस वर्षांत माप चुकलं नाही, असं स्वतःच सांगायचे, रोज. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

मला विचाराल तर हे कोटाचं खूळ मला कधी पटलं नाही. एकोणीस वर्षं मी या लोकांच्या सुरकुत्या काढतेय. कोट घालून जेवढं खोटं बोलतात तेवढंच बिनकोटाचेही बोलतील, उन्हाळ्यात घाम तरी कमी येईल. मामा म्हणायचे, "अगं, आत लोकांचं काम आहे. कामाला निघताना माणूस तोंड धुतो की नाही? तसंच हे." त्यावर मी इस्त्री जरा जोरात टेकवायची. हा वाद हजारदा झाला असेल. दोघांनाही त्याचा कंटाळा आला होता, पण दुसरं बोलायला तरी काय होतं.

या निवडणुकीत मामांचा पुतण्या निवडून आला. भाऊ-भावजय लवकर गेले, म्हणून पोराला यांनीच वाढवलं. बरगड्या मोजून घ्याव्यात असा हडकुळा, त्यामुळे घरात त्याचं नाव काडीपैलवान, पुढे नुसतं पैलवान. मोठा झाला, बस चालवायला लागला, लांब राहायला गेला. वर्षा-दोन वर्षांनी भेट, तीही धावती. आणि प्रचारात या पठ्ठ्यानं लोकांना शब्द दिला, की शपथ घेईन ती ड्रायव्हरच्या शर्टात, कोट घालणार नाही. टाळ्या पडल्या म्हणे.

टाळ्या पडल्या तिकडे आणि झोप उडाली मामांची. बिनकोटाच्या माणसाला दारात अडवायचं काम त्यांचंच. दोन महिन्यांनी निवृत्ती होती, आणि त्याआधी एकच इच्छा: पोराची शपथ आत उभं राहून डोळ्यांनी बघायची. आता त्याच पोराला बाहेरच्या बाहेर परत पाठवायची पाळी येणार.

"फोन करा की त्याला," मी म्हटलं.

"केला. म्हणतो, काका, तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करतो."

"मग करा."

"करीनच," म्हणाले, आणि शपथेच्या आदल्या दिवशी कपाटातून अडतीस नंबरचा कोट काढून माझ्यापुढे ठेवला. "हा जरा नीट कर. पैलवानाला होईल." मी दोनदा इस्त्री फिरवली. माझं काय जात होतं, पण फिरवली.

दुसऱ्या दिवशी पैलवान पायऱ्या चढून आला, निळ्या शर्टात. मी खिडकीतून पाहिलं. चांगला आडवा गडी, मान खांद्यांत बसलेली, बस चालवून चालवून पोट सुटलेलं. इतक्या वर्षांत मामांनी त्याला पाहिलं नव्हतं असं नाही, पण त्यांना दिसायची ती काडीच. अडतीस हातात घेऊन उभे होते.

"सर, कोटाशिवाय आत सोडता येणार नाही," मामा म्हणाले. सख्ख्या पुतण्याला सर. मला ऐकवेना.

"काका, मी लोकांना शब्द दिलाय."

"माहीत आहे. पण मी तुला सोडलं तर उद्या बाकीच्यांना कोणत्या तोंडानं अडवू?"

आतून पहिली घंटा झाली. मागे बाकीचे सदस्य खोळंबले होते, कोणी हसत होतं, कोणी घड्याळ बघत होतं. पैलवानानं एकदा काकांकडे बघितलं. मग त्यानं सुस्कारा टाकला आणि पाठ वळवून दोन्ही हात मागे केले. लहानपणी शाळेत जाताना करत असेल तसे.

कोट कोपराच्या वर गेलाच नाही.

"थांब हं, बाही अडकली असेल," मामा म्हणाले आणि पुन्हा ओढून पाहिलं. बाही कसली अडकते? मी कपाटाकडे धावले, तर मोठ्या मापाचे कोट सकाळीच वाटून झालेले. वळून बघते तो मामांनी स्वतःच्या गणवेशाचा कोट उतरवला होता. दारवानाच्या बिल्ल्यासकट तो त्यांनी पुतण्याच्या अंगावर चढवला. खांदे, बाह्या, बटणं, सगळं चपखल बसलं.

"जा. दुसरी घंटा होईल."

"आणि तुम्ही?"

"आलोच मी."

कुठले येतात. बिनकोटाच्या माणसाला दार बंद, आणि दुसऱ्या घंटेनंतर ते कोणालाच उघडत नाहीत. दुसरी घंटा झाली, दार लागलं, आणि मामा खोलीत येऊन स्टुलावर बसले. एकोणीस वर्षांत मी त्यांना नुसत्या शर्टावर कधी पाहिलं नव्हतं. पाठीला दोन ठिगळं, आणि शर्टाच्या आत माणूस नावालाच. गणवेश दर पाच वर्षांनी नवा यायचा, पण ऑफिसच्या वहीत नोकरीला लागतानाचं माप लिहिलेलं होतं, त्याच मापानं शिवून यायचा. तेव्हा म्हणे मामा अंगानं भरलेले होते.

मला इतका राग आला त्यांचा. एवढं सगळं करून शपथ बघायची राहिलीच. अडतीस नंबरचा कोट मी त्यांच्यापुढे धरला. "घाला हा. साहेबांनी असं बघितलं तर जाता जाता मेमो मिळेल."

त्यांनी घातला. एकेक बटण लावलं. कुठे ताणला नाही, कुठे लोंबला नाही. आरशासमोर उभे राहिले.

"अडतीस," म्हणाले. "कधी झालो गं मी अडतीस?"

भिंतीवरच्या स्पीकरवर पैलवानाचं नाव पुकारलं होतं. मी उठून आवाज वाढवला.