कैरोची सराई आणि आमची गोण
पावसाळी हवेत आमच्या घरातली जुनी गोण ओलसर होते आणि तिच्या वासानं मला सातवीचा वर्ग आठवतो. सरांनी कैरोतल्या जुन्या सराईचं चित्र दाखवलं होतं. अंगणात माल लादलेले उंट, वर व्यापाऱ्यांच्या खोल्या. "या तांड्यांनीच कैरो मोठं केलं," सर म्हणाले. मी उठले. "सर, आमच्या तांड्यातले लोकबी बैलांवर मीठ वाहत होते." सर हसले. "कुठं कैरो, कुठं तुमी! बस खाली." दुसऱ्या दिवशी पणजोबांच्या बैलावरची ती गोण मी त्यांच्या टेबलावर पसरली. "चाटून बघा, सर. मीठ अजून हाय." त्यांनी मला वर्गाबाहेर काढलं, पण शाळा सुटेपर्यंत गोण मी टेबलावरून उचलली नाही. आता त्याच वर्गात मी इतिहास शिकवते. कैरोचा धडा आला, की टेबलावर आधी गोण पसरते, पुस्तक मग.