नाताळचं कुलूप

ऑलरकोम हाऊस पाडलं तेव्हा आमच्या गावाने बघायला खुर्च्या नेल्या होत्या. तिथल्या सरदारांच्या थोरल्या मुलाला युद्धाने नेलं, पाठोपाठ म्हातारे सरदारही गेले, आणि दोन मृत्यूंचा वारसाकर भरता भरता घराण्याचं कंबरडं मोडलं. छपराचं शिसं विकलं, जिना कुणी अमेरिकन घेऊन गेला, उरलेला राडारोडा हमरस्त्याच्या भरावात गेला. जमीन एका लाकूडवाल्याने घेतली आणि पुढची वीस-बावीस वर्षं तो फिरकलाच नाही. उरली ती लिंडनच्या झाडांमधली लांब वाट, तिच्या तोंडाशी लोखंडी फाटक, आणि फाटकाशेजारच्या खोपट्यात मिस हेस्टर प्रिंग.

मिस प्रिंग त्या घरच्या फाटकवाल्या. लाकूडवाल्याला त्या खोपट्याची आठवण नव्हती, म्हणून त्या तिथेच राहिल्या. मी गावचा खाटीक. नाताळात सगळं गाव हंस नाहीतर टर्की न्यायचं, या बाई मटणाचा एकच चॉप न्यायच्या. बहीण एक्सेटरला बोलवायची, पण जायच्या नाहीत. हट्टी बाई, असं मी बायकोला म्हणायचो.

मग एका खडीवाल्याने ती जमीन विकत घेतली. त्याला झाडं तोडून वाट बंद करायची होती. ती गेली तर आमच्या पोरांना शाळेसाठी ट्रकांच्या हमरस्त्याने जावं लागणार. गावाने अर्ज केला. कायदा साधा होता: वीस वर्षं वाट अखंड उघडी असेल, तर ती लोकांची. चौकशीला सरकारी अधिकारी यायचे ठरले, आणि साक्षीदार गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मिस प्रिंगकडे मी आदल्या दिवशी गेलो. त्यांनी चहा ओतला आणि म्हणाल्या, "वॉल्टर, वाट उघडी नव्हती रे. दर नाताळला मी फाटकाला कुलूप लावते. दिवसभर."

"काय सांगता?"

"सरदारांच्या लेडी विनिफ्रेडचा हुकूम. वर्षातून एक दिवस बंद ठेवली की वाट मालकाचीच राहते. नाताळ का, तर त्या दिवशी कुणाची अडचण होत नाही. कुणी यायचंच नाही इकडे."

मी कप खाली ठेवला. "अहो, पण लेडी जाऊन किती वर्षं झाली. घर नाही, कुणी पगार देत नाही."

"आता कुलूप लावू नकोस, असं कुणी सांगितलं नाही मला."

"मिस प्रिंग, पाया पडतो तुमच्या. उद्या गप्प बसा. कुणीच पाहिलेलं नाही."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "मी बोलले नाही, तर ते कुलूप कुणी लावलंच नाही असं होईल."

भयंकर राग आला मला. चहा तसाच टाकून निघालो.

दुसऱ्या दिवशी सभागृहात सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं, वाट कायम उघडी. मग मिस प्रिंग उठल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. खडीवाल्याचा वकील गालातल्या गालात हसला. मागून लोहाराची बायको बोललीच, "खोपट्यातच राहायचं होतं ना, बया."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "जमीन विकल्यानंतर हे कुलूप लावायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाही साहेब."

"लाकूडवाल्यांना ठाऊक होतं?"

"ते कधी आलेच नाहीत."

अधिकारी बराच वेळ लिहीत बसले. दुपारच्या चहानंतर त्यांनी निर्णय सांगितला. वाट बंद करायची ती मालकाने, किंवा मालकाच्या सांगण्यावरून. मिस प्रिंग यांना तसा अधिकार कुणीच दिलेला नव्हता, तेव्हा त्यांचं कुलूप कायद्याने कुलूप ठरत नाही. या सगळ्या वर्षांत वाट एकदाही बंद झाली नाही, असंच धरावं लागेल. वाट गावाची.

सभागृह दणाणलं. लोहाराच्या बायकोने मला मिठीच मारली. पोरं बाकांवर चढली. मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. मिस प्रिंग अजून उभ्याच होत्या. मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "बघा, काही बिघडलं नाही."

"'एकदाही बंद झाली नाही', असं म्हणाले का रे ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी सभागृहावरून नजर फिरवली. सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून त्यांनीही वाजवल्या, दोनतीनदा, आणि खाली बसल्या.