अंगणातलं सूत्र

"ऱ्हाऊ द्या अंगणात. लागलं की घरात घिऊ." एखादं समीकरण बदलायचं झालं की मामा असं म्हणायचे आणि माउसनं ते उचलून पानाबाहेर ठेवायचे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पानाच्या कडेनं मोकळी जागा असते. तिथलं काही छापलं जात नाही. ते मामांचं अंगण.

कोल्हापुरात आमच्या प्रकाशकाच्या कचेरीत मागच्या खोलीत ते डीटीपी करायचे; सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मी गणिताचा मास्तर, माझी गाईडं तिथंच तयार व्हायची. मामा आठवी शिकलेले, पण समीकरण बसवावं तर त्यांनीच. प्रत्येक चिन्हाला त्यांनी आपलं नाव ठेवलं होतं. इंटिग्रल म्हणजे आकडा, वर्गमूळ म्हणजे छप्पर. "आकडा उभा केला, खाली पूज्य, वर एक," असं पुटपुटत बोटं चालायची. तुमच्याही बघण्यात असा एखादा असेल.

"मामा, यातलं काय कळतं तरी का?" मी एकदा चिडवलं.

"न्हाई की. पण भिंत सरळ हाय का वाकडी, ते गवंड्याला कळतंय. ऱ्हाणारा कोण का असंना."

आता माझंही सांगतो. मी तापट. प्रूफ वाचताना कुणी मध्ये बोललेलं मला खपत नाही. आणि मामांचं दर पानाला काहीतरी असायचंच. "सर, हितलं जरा बघता का..." एवढं म्हणायचा अवकाश, मी खेकसायचो, "लिहिलंय तसं बसवा. गणित मला शिकवू नका."

एका वर्षी गाईड बाजारात गेलं आणि आठवड्यात बोभाटा झाला. वर्गसमीकरणाच्या सूत्रात छप्पर निम्म्यातच संपलं होतं. बी वर्ग आत, चार एसी बाहेर. दहावीच्या पोराला पाठ असलेलं सूत्र. प्रकाशक तावातावानं मागच्या खोलीत आले. मी तिथंच होतो. मी मामांकडे बोट दाखवलं. "ऑपरेटरची चूक."

मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "असंल."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. ते कुरुंदवाडला गावी गेले. गेल्या वर्षी तिकडंच वारले. मला ते महिन्यानं कळलं.

परवा नव्या आवृत्तीसाठी नव्या ऑपरेटर बाईंनी तीच जुनी फाइल उघडली. ते पान आलं. पानाबाहेर, अंगणात, पुऱ्या छपराचं बरोबर सूत्र बसवून ठेवलेलं. खाली बारीक अक्षरात मामांची चिठ्ठी: "छप्पर आखूड वाटतंय. दर वर्षी पुरं असतंय. सरांना दोनदा इचारलं. लिहिलंय तसं बसवा म्हणाले."

घाईत लिहिताना रेघ मीच आखूड ओढली होती. त्या दिवशी मामांनी नुसती फाइल उघडून दाखवली असती, तर त्यांची नोकरी राहिली असती आणि प्रकाशकापुढं माझी लाज गेली असती. त्यांनी माझी राखली. मला तिथं बसवेना.

"सर, हे बाहेरचं पुसून टाकू का?" बाईंनी विचारलं.

"नको," म्हटलं. "सूत्र घरात घ्या. चिठ्ठी राहू द्या अंगणात."