सगळ्यांना सोयीचं हॉटेल

सायखेड्याच्या स्टँडवरून आम्ही दोघी एकाच सकाळी निघालो, मी आणि सुजाता. मला नाशिकला डीएडला ॲडमिशन मिळाली होती, तिला नर्सिंगला. गाडी येईपर्यंत माझी आई एकच गोष्ट परत परत सांगत होती, "कुनाच्या घरचं काय खाऊ नको गं." सुजाताची आई जरा लांब उभी होती. गाडी सुरू झाली तशी ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "दोघी एकमेकीला धरून ऱ्हा. लय मोठं गाव हाय ते."

बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, पण तिच्या घरी मी कधी जेवले नव्हते. ती बौद्ध, आम्ही मराठा. कोणी मला जाऊ नको म्हणाल्याचं आठवत नाही. तशी वेळच येऊ द्यायची नाही, हे आम्हाला चालता-बोलता शिकवलेलं होतं.

नाशिकला मेसमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसून जेवलो. तिच्या ताटातलं लोणचं मी उचलायचे, माझी उरलेली पोळी ती संपवायची. मेसवाल्या काकूंची जात कुणीच विचारली नाही. मला वाटलं, सुटलो बाई त्या गावातून. पुढे शिक्षिका झाले, लग्न झालं, इंदिरानगरमध्ये फ्लॅट घेतला. मी जात मानत नाही, असं मी शाळेच्या स्टाफरूममध्ये किती वेळा म्हटलं असेल! जणू कोणी मला त्याचं बक्षीस देणार होतं.

आमच्या सायखेड्याच्या वर्गातल्या पाचजणी आता नाशिकलाच आहेत. फोनवर ग्रुप आहे, दोन-तीन महिन्यांतून एकदा बाहेर जेवतो. हॉटेल ठरवायचं काम माझं. तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं, पण पाच बायकांना एका टेबलावर बसवणं म्हणजे बेडकं तराजूत मोजणं आहे. एकीला तिखट सोसत नाही, दुसरीला झणझणीत शेवभाजीच हवी. गाडी लावायला जागा पाहिजे, फॅमिली सेक्शन पाहिजे, शेजारी बार नको. मी ते सगळं जमवायचे आणि सगळ्या म्हणायच्या, हॉटेल शोधावं तर हिनंच.

मागच्या वर्षी सुजातानं पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घेतला आणि आईला कायमचं आणलं. ग्रुपवर तिचा मेसेज आला, "सोमवारी रात्री सगळ्यांनी घरी जेवायला या. मला सुट्टी आहे. आई पुरणपोळी करते म्हणतेय." पुरणपोळी का, ते मला तेव्हाच कळलं. मटणाला नाही म्हणता येतं.

 अर्ध्या तासानं वैशालीनं लिहिलं, "माझा सोमवार असतो गं." सोमवार रात्री जेवूनच सोडतात, हे आम्हा पाचही जणींना माहीत होतं. दुसरीच्या घरी पाहुणे निघाले, तिसरीच्या मुलाची परीक्षा. मला सुजाताची दया आली, असं मी स्वतःला सांगितलं. आता सांगते, दया वगैरे काही नव्हती. मलाही त्यातून सुटायचं होतं. मी लिहिलं, "काकूंना कशाला त्रास? सोमवारीच हॉटेलात भेटू, सगळ्यांना सोयीचं." दोन मिनिटांत तीन अंगठे वर. पाहुणे गेले, परीक्षाही आटोपली. बऱ्याच वेळानं सुजातानं लिहिलं, "चालेल."

त्या सोमवारी मी निवडलेलं हॉटेल छानच होतं. सुजाता शेवटी आली, नवी साडी नेसून. वैशालीनं पनीर मागवलं, वर बटर रोटी. सुजातानं तिला शांतपणे विचारलं, "सोमवार सोडायला हॉटेल चालतं का गं?"

"अगं, इथं शुद्ध व्हेजच असतं," वैशाली म्हणाली.

"आईही पुरणपोळीच करणार होती."

 मी मेन्यूकार्ड उघडलं आणि जिरा राइस दोन सांगू की तीन, असं विचारलं. अजूनही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

निघताना पार्किंगमध्ये मी तिला म्हटलं, "काकूंना वाईट वाटलं असेल ना?" ती म्हणाली, "नाही. मी सांगितलं, पोरी नाही येणार. तर म्हणाली, सायखेड्याच्याच ना त्या?" एवढं बोलून तिनं स्कूटी काढली.

पुढच्या सोमवारी एकटी जाईन, असं मी ठरवलं. तो सोमवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. शाळा, पेपर, घरचं आजारपण. कारणं शोधण्यात आमचा हात कोण धरणार! दिवाळीनंतर एका सकाळी ग्रुपवर सुजाताचा मेसेज आला, आई गेली.

आम्ही चौघी गेलो. त्या घरात माझं पाऊल पहिल्यांदा पडलं ते त्या दिवशी. हॉलमध्ये बुद्धाच्या मूर्तीशेजारी काकूंचा फोटो होता, समोर मेणबत्ती. आम्ही सतरंजीवर बसलो. सुजाता उठून आत गेली आणि ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास घेऊन आली. "आमच्यात सुतक पाळत नाहीत," ती म्हणाली. "पाणी घ्या."

"राहू दे गं, अशा वेळी घेत नाहीत," वैशाली म्हणाली.

मी घेणार होते. देवाशपथ घेणार होते. पण ट्रे माझ्यासमोर आला तेव्हा माझा हात 'नको' म्हणून आधीच वर झाला होता. सुजातानं त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाली आणि ट्रे आत घेऊन गेली.

त्यानंतर ग्रुपवर कोणी हॉटेलचं नाव काढलेलं नाही. गावाकडच्या तुम्ही मला विचारता, गावाची आठवण येत नाही का गं? आठवण यायला ते मागं राहायला हवं होतं. मी अजून तिथंच राहते, आणि सुजाताला ते तिच्या आईनं आधीच सांगितलं होतं.