प्रवासी क्रमांक तीनचा मफलर

कचेरीत तिला सगळे 'थर्मामीटर' म्हणत. कुठल्याही खोलीत शिरली की ती आधी माणसं मोजायची. एक माणूस नुसता स्वस्थ बसला तरी शंभर वॅटच्या दिव्याइतका तापतो, हे तिने सासरच्यांना पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं. तरीही लग्न झालं.

तिचं काम यानातली उष्णता बाहेर टाकण्याचं. लांबच्या प्रवासाला निघालेली माणसं अवकाशात गारठतील असं लोकांना वाटतं. खरी पंचाईत उलटी असते. बाहेर हवाच नाही, त्यामुळे माणसांची आणि यंत्रांची ऊब आतच कोंडते. ती ऊब नळ्यांतल्या द्रवात गोळा करायची, यानाबाहेरच्या पत्र्यांपर्यंत न्यायची आणि तिथून किरणांच्या रूपात सोडून द्यायची. तिने बनवलेले पत्रे नेहमीच्यापेक्षा निम्म्या वजनाचे होते. साहेबांना ते पटत नव्हते. "फार सडपातळ आहेत," ते म्हणायचे, जणू मुलगी बघायला आले होते.

म्हणून चाचणी ठरली. कारखान्यातल्या मोठ्या दालनात यानाची पोलादी खोली उभी केली, पत्रे शेजारच्या निर्वात टाकीत लावले. खोलीत चार साधी माणसं आठवडाभर राहणार. पारा सत्तावीसवर गेला की दार उघडायचं, पत्रे बाद.

चौघांतल्या वयस्कर गृहस्थांचा रक्तदाब ऐन वेळी वाढला. बदली माणूस सापडेना, तेव्हा तिने सासऱ्यांना उभं केलं. ते निवृत्त बस कंडक्टर, प्रकृतीने ठणठणीत. आत जाताना त्यांनी गळ्याला लोकरी मफलर गुंडाळला.

"बाबा, आत थंडी नसते."

"अवकाशात जायचंय ना? मग असू दे."

पहिले काही दिवस सुरळीत गेले. मग पारा चढायला लागला. तिने पंप तपासले, नळ्या तपासल्या. सगळं जागच्या जागी. शेवटी कॅमेरा फिरवला. खिडकीशेजारच्या खुर्चीत सासरे बसले होते. खिडकी म्हणजे काचेमागे रंगवलेलं आकाश. डोक्यावरच्या ज्या जाळीतून गार हवा येते, तिच्यात मफलर ठासून भरलेला.

नियम असा की नियंत्रण कक्षातून प्रवाशांना नंबरानेच हाक मारायची. तिने बटण दाबलं. "प्रवासी क्रमांक तीन, जाळीतला अडथळा काढावा."

"वारा मानेवर येतो."

"प्रवासी क्रमांक तीन, मग खुर्ची बदलावी. यंत्रांच्या कपाटामागची जागा उबदार आहे."

"तिथे खिडकी नाही." सासरे हलले नाहीत. "आयुष्यभर बसमध्ये उभा राहिलो मी. लोकांना खिडक्या दिल्या. आता कुठे एक मिळालीये."

कपाटामागे रसायनशास्त्राचे मास्तर बसले होते, देहाने भरभक्कम. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "काकांना बसू द्या," ते कपाळ पुसत म्हणाले. "मला काही त्रास नाही."

बाकीचे दोघेही सासऱ्यांच्याच बाजूचे. जाळी बंद झाल्यापासून पंख्याची घरघर कमी ऐकू येत होती, आणि त्यांना छान झोप लागत होती.

पारा सव्वीसच्या पुढे सरकला. साहेब मागे येऊन उभे राहिले. "दार उघडायची तयारी ठेवा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख फारसं नव्हतं.

तिने पुन्हा बटण दाबलं. "बाबा," ती म्हणाली. साहेबांनी भुवया उंचावल्या. "अजून थोडं तापलं की दार उघडणार. माझे पत्रे भंगारात जातील. पाच वर्षांचं काम आहे ते."

सासऱ्यांनी मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"मग हे आधी सांगायचं," सासरे म्हणाले. "मघापासून क्रमांक तीन, क्रमांक तीन. मला वाटलं, सरकारी माणूस बोलतोय." त्यांनी मफलर ओढून काढला, खिडकीकडे एकवार पाहिलं आणि उठले. "मास्तर, या इकडे. पण दुपारी अर्धा तास मी बसणार."

मास्तर वाऱ्याखाली बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. संध्याकाळपर्यंत पारा तेविसावर आला आणि आठवडा संपेपर्यंत तिथेच राहिला.

साहेबांनी आकडे तीनदा वाचले. "पत्रे ठीक आहेत," ते नाइलाजाने म्हणाले. "पण खऱ्या यानात सून कुठून आणायची? कोणालाही बुजवता येणार नाही अशी जाळी करा. मग सही करतो." आणि जाताना दारातून वळून म्हणाले, "ती तपासायला तेच गृहस्थ हवेत. दुसरा कोणी इतकं मनापासून करणार नाही."

तिने जाळी फुगीर केली, चारी बाजूंनी छिद्रांची. नमुना घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला, मागे छोटा पंखा लावला. सासऱ्यांनी कामाला सुरुवात केली. उशीचा अभ्रा झाला, मोजे झाले, ओल्या वर्तमानपत्राचा लगदा झाला. हवा कुठून ना कुठून येतच राहिली. सासूबाई म्हणाल्या, "अहो, सोडा आता, जेवण गार होतंय."

सासरे जेवेनात. समोर सून बसली होती, तिलाही घास उतरत नव्हता. ते हरले तरच साहेब सही करणार होते.

शेवटी त्यांनी जाळी तिच्याकडे सरकवली. "नाही जमत," ते म्हणाले, आणि पुढे दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत.