आठ गाड्यांचा फोटो

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहून पुसलं. जगदेवराव काका म्हणाले होते, "राहू दे गं, माझ्या सहीवर लोक हसतील." पण काल संध्याकाळी ते हेल्मेट घालून परत एकटेच निघाले, खिशात तो फोटो, आणि मग मला राहवेना. त्यांनी सांगितलं तसं सांगते.

तर जगदेवराव माने. बडोद्यात, मांजलपूरला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. पणजोबा संस्थानाच्या पागेत होते, आणि काकांनी स्वतः बाजव्याकडच्या पंपाच्या कारखान्यात फिटर म्हणून तेहेतीस वर्षं काढली. चालू पंपावर नुसता तळहात ठेवायचे आणि सांगायचे, आतली बेअरिंग अजून किती दिवस काढेल. साहेब लोक मशीन लावून बघायचे आणि तेच निघायचं. असा माणूस आयुष्यात एकदाच तळहाताला गप्प बस म्हणाला, तेही ऐन दसऱ्याला.

मुलगा रणवीर बाजव्यालाच नोकरीला लागला होता. रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, आणि अर्धा रस्ता टँकरांचा. त्याच्यासाठी नवी मोटरसायकल घ्यायची ठरली. मान्यांच्या घरात दसऱ्याला पणजोबांची तलवार पुजतात. काकांच्या मनात असं की यंदा तलवारीशेजारी गाडी पुजायची, आणि ती विजय मुहूर्तावरच हातात आलेली हवी. मुहूर्त तीन वाजून पाच मिनिटांपर्यंत होता.

शोरूममध्ये उभं राहायला जागा नव्हती. एकाच मॉडेलच्या आठ गाड्या हार घालून ओळीत. काकांचा नंबर आला तेव्हा तीनला पाच कमी. तिथला हार्दिक म्हणाला, "काका, तपासणी बाकी छे. एक चक्कर मारी लो, वीस मिनिट."

काकांनी हँडल डावीकडून उजवीकडे फिरवलं. मधोमध येताना ते जरासं थांबलं. अगदी जरासं, जिना संपलाय आणि आपण अजून एक पायरी आहे समजून पाय टाकतो ना, तेवढंच. तळहाताला कळलं. मग काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"चक्कर राहू दे. मुहूर्त जाईल."

"तो लखी आपो, काका."

आणि काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, माझ्या आग्रहावरून तपासणी न करता गाडी नेतो आहे. खाली पूर्ण नाव, सही. चाकाखाली लिंबू चिरडलं गेलं. मग आठही जणांचा आपापल्या गाडीबरोबर फोटो झाला, त्याची मागून सगळ्यांना एकेक प्रत दिली.

तिसऱ्या दिवशी रणवीर घरी आला आणि हेल्मेट न काढताच पायरीवर बसला. "बाबा, गाडी वळते, पण आधी नाही म्हणते. मग एकदम सुटते. बाजूला टँकर होता."

काकांनी पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी शोरूम. हार्दिक गोडच होता. "नवी गाडी छे, टाइट होय ज. पहिल्या सर्व्हिसला मोकळी थशे." गाडी धुऊन, पॉलिश करून परत दिली. हँडल तसंच. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मेकॅनिकने आवारातच दोन फेऱ्या मारल्या आणि कागदावर लिहिलं, दोष आढळला नाही. इतक्या हळू चालवली तर कळत नाही, असं काका सांगत होते, ऐकायला कोणी नव्हतं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा हार्दिकने कपाटातून फाइल काढली, प्लास्टिकच्या कव्हरमधला तो कागद काकांकडे तोंड करून टेबलावर ठेवला, आणि चहा मागवला.

काका चहा न पिता घरी आले.

गंगाबाई काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तेहेतीस वर्षं लोकांच्या पंपांना हात लावून सांगितलंत. घरच्या गाडीला मेला मुहूर्त."

"मग परत करून टाकू का गाडी? भांडतो त्यांच्याशी."

"पुजलेली वस्तू उंबऱ्याबाहेर परत धाडतात का?" मग देठ मोडत, हळूच, "पण त्याला बसू देऊ नका तिच्यावर."

काकांनी किल्ली तलवारीच्या म्यानाखाली ठेवली. रणवीर बस आणि रिक्षा करत जायला लागला. दोनदा उशीर झाला, सुपरवायझरने नाव लिहून घेतलं. घरात रोज तेच. "तुम्हाला सगळीकडे बेअरिंगच दिसतात, बाबा." आणि एका सकाळी काका उठले तर म्यानाखाली काही नव्हतं.

त्या दिवशी ते फाटकापाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. मी कॉलेजला जाताना बसलेले, आले तेव्हाही बसलेले. फोन लावला नाही, कारण रणवीर चालवत असेल आणि वाजला तर एक हात सोडेल. तीनची शिफ्ट सुटते, पावणेचारला यायला हवा. साडेचार झाले. काकूंनी दोनदा दार उघडून पाहिलं आणि लावून घेतलं.

पाच वाजता रणवीर आला. गाडी ढकलत आणली होती. किल्ली काकांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "पुलावर अडकली. तुमचं खरं होतं." दोन्ही कोपरं सोललेली होती.

शोरूमने फोटोतल्या आठ गिऱ्हाइकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला होता, शुभेच्छा धाडायला. त्या रात्री काकांनी त्यात लिहिलं, कोणाच्या गाडीचं हँडल मधोमध अडकतं का. चार मिनिटांत त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. पण रणवीरने नंबर आधीच उतरवून ठेवले होते. सात नंबर. चौघं म्हणाले, मस्त चालू छे. दोघांनी उचलला नाही. सातवी आकांक्षा. ती म्हणाली, "काका, फोनवर नको. खंडेराव मार्केटला या, पप्पांच्या फळांच्या गाळ्यावर."

आकांक्षा बावीस-तेवीसची. गाडी गाळ्यामागे केळ्यांच्या रिकाम्या क्रेटला टेकवलेली, एका बाजूचा आरसा फुटलेला. "मी दोनदा पडले. मला वाटलं मलाच येत नाही. भाऊ म्हणतो, मुलींनी स्कूटरच घ्यावी."

काकांनी गाडी डबल स्टँडवर घेतली, पुढचं चाक अधांतरी केलं, हँडलला एक बोट लावलं. हँडल सरकत आलं आणि बरोब्बर मधोमध थांबलं.

"तुला येतं चालवायला," काका म्हणाले. आकांक्षा तोंड फिरवून संत्री रचायला लागली.

दोघं दोन गाड्या घेऊन शोरूमच्या दारात उभे राहिले तेव्हा मॅनेजर स्वतः बाहेर आला. आत नेलं, पंखा लावला. दोन्ही गाड्यांची हँडलची बेअरिंग फुकट बदलून देऊ, आजच. फक्त इथे सही. काकांनी चष्मा लावला. हार्दिक म्हणाला, "रोजचा फॉर्म छे, काका."

"दसऱ्याचा तो कागदही रोजचाच होता," काका म्हणाले आणि ओळ न ओळ वाचली. तिसऱ्या ओळीत होतं की या विषयावर इतर गिऱ्हाइकांशी बोलणार नाही.

सही केली तर रणवीर उद्यापासून बिनघोर कामावर जाणार होता. काका म्हणतात, मी पेन उघडलं पण होतं. मग भिंतीवर तोच फोटो टांगलेला दिसला. आठ गाड्या, आठ हार. पेन बंद करून टेबलावर ठेवलं. आकांक्षाने पण सही केली नाही.

रविवारी आमच्या पार्किंगमध्ये काकांनी दोन्ही गाड्या स्वतः खोलल्या. आता गॅरंटी गेली, जाऊ दे म्हणाले. हँडलखालच्या लोखंडी वाटीत छर्रे फिरतात, त्या वाटीत मधोमध खड्डे होते, पेन्सिलीने टोचल्यासारखे. दोन्ही गाड्यांत त्याच जागी. नव्या वाट्या बसवल्या. रणवीरची ठीक आहे, आकांक्षाची ठीक आहे.

सहा राहिल्या. काका आता घरोघरी जातात. मस्त चालू छे म्हणणाऱ्यांपैकी दोघं समोर बसल्यावर म्हणाले, अडकतं खरं, पण वाटलं आपल्याला सवय नाही. त्यांच्या वाट्या काकांनी बदलल्या. एकाने दारातूनच परत पाठवलं. एक गावाला गेलाय. न उचलणाऱ्यांपैकी एकाची बायको भेटली, निरोप घेतला, पण अजून त्याचा फोन नाही. आणि दुसरा नंबर गेल्या शुक्रवारपासून बंद आहे. फोटोत तो डावीकडून तिसरा, निळा चौकड्याचा शर्ट, टाकीवर दोन वेण्यांची छोटी मुलगी बसवलेली. काका फोटो बघतात तेव्हा त्यांचा अंगठा तिथेच असतो.

तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या कोणी दसऱ्याला तीनच्या सुमाराला बडोद्यात हार घातलेली गाडी घेतली असेल, आणि ती मधोमध नाही म्हणत असेल, तर चूक तुमची नाही. मांजलपूरला या, मान्यांचं घर कोणीही दाखवेल. पण निळ्या शर्टवाला माहीत असेल तर आधी त्याच्या घरी जा. फोन नका करू, तो चालवत असेल. जाऊन भेटा त्याला, आजच.